स्वतंत्र स्मशानभूमीबाबत

मी, गणपती सयाजी कुरणे, वय ६९, शिरोली एमआयडीसीतून निवृत्त मोल्डर, जात विचारू नये, धर्म बौद्ध, राहणार मौजे नागमाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी अक्कल ठिकाणावर आहे. खात्री हवी असल्यास ग्रामसेवकांना विचारावे. "म्हातारा लई शाना हाय" असे ते गावभर सांगत असतात.

कलम १. घराच्या दोन खोल्या मुलगा प्रसेनजीत व मुलगी निशा यांना समान. निशाने साडीचोळीवर हक्कसोडपत्र करून देऊ नये. साड्या तिच्याकडे पुष्कळ आहेत.

कलम २. माझी ओतकामाचे साचे करायची थापी व चाळण प्रसेनजीतला. तो कॉम्प्युटर शिकवतो, त्याला हाताला माती लागलेली खपत नाही. तरीही त्यालाच.

कलम ३. १९९४ साली दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद संपल्याचे रेडिओवर ऐकले. त्याच महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीने सरकारी योजनेतून बौद्ध वस्तीसाठी "स्वतंत्र स्मशानभूमी" मंजूर केली. मी हरकत घेतली. ग्रामसेवक म्हणाले, "काका, स्वतंत्र म्हंजे वेगळी."

"मग वेगळी लिव्हा की."

"तसं लिवाय येत न्हाय. गुन्हा हुतोय."

तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला मी त्या पत्र्याच्या शेडपुढे झेंडावंदन करून जिलेबी वाटतो. शेड स्वतंत्र झाली आहे, तिचा मान राखायला नको? एका वर्षी एक साहेब रस्ता चुकून आले आणि भाषण करून गेले.

कलम ४. १९९७ साली माझी पत्नी सरुबाई वारली. गावच्या स्मशानाच्या फाटकातून तिला परत फिरवले. "तुमची सोय केल्या की तिकडं!" मी तिला त्या शेडमध्ये नेले. तेव्हा भांडलो नाही, याची मला आजही लाज वाटते.

कलम ५. म्हणून मला गावच्याच स्मशानात जाळावे. अडवल्यास तिरडी फाटकातच ठेवावी आणि ठरावातला "स्वतंत्र" खोडून "वेगळी" असे सही-शिक्क्यानिशी लिहून मिळेपर्यंत उचलू नये. मला घाई नाही.

कलम ६. साक्षीसाठी पिराजी मगदूमला बोलावले. आम्ही चौथीपर्यंत एका वर्गात होतो. सरुला परत फिरवणारा तोच. त्याने हे सगळे वाचले, चहा गार केला.

"गणपा, माझं नाव कशाला रं घातलंस ह्यात?"

"मी मेल्यावर तू न्हाय म्हणू नयेस म्हणून."

त्याने पेन मागून घेतले. सही केली.

मौजे नागमाळ, ता. करवीर, जि. कोल्हापूर
दि. ९ मार्च २००३
लिहून ठेवणार : गणपती सयाजी कुरणे

साक्षीदार :
१. धोंडुबाई सोनुले, शेजारीण
२. पिराजी बाळासो मगदूम. स्मशानाच्या फाटकाची किल्ली यांच्याकडे असते.