रिकाम्या ऐरणीवरचा ठोका

आई, आबा हल्ली रोज संध्याकाळी टीव्हीवर लोहार बघतात. परदेशातले. चार जण एका मोठ्या गोदामात उभे असतात, भिंतीवर घड्याळ उलटं पळत असतं, तीन तासात पातं तयार करायचं. मग तीन परीक्षक ते पातं कशावर तरी आपटून बघतात आणि एकेकाला घरी पाठवतात. शेवटी उरेल त्याला बक्षीस. तुला हे सांगताना मलाच हसू येतंय, कारण ह्या कार्यक्रमाचं मराठी मी लिहिते. म्हणजे ते लोक त्यांच्या भाषेत जे बोलतात ते त्यांच्या ओठांच्या मापात बसेल असं मराठीत लिहायचं, मग हिंजवडीच्या बाजूला एका स्टुडिओत दुसरे लोक ते माइकसमोर बोलतात. माझ्या स्वतःच्या गोष्टी कोणी छापत नाही. ज्यांनी वाचल्या ते म्हणतात, सुरुवात कुठाय आणि शेवट कुठाय तेच कळत नाही. ह्या कामात सुरुवात आणि शेवट आधीच ठरलेले असतात, मी फक्त मधलं भरते. दमायला होतं, पण विचार करावा लागत नाही.

खोटं कशाला बोलू, कार्यक्रमात ओढ आहे. मी पहिला भाग काम म्हणून लावला आणि डबा खायचा विसरले. लोखंड तापून केशरी होतं तेव्हा कॅमेरा इतका जवळ जातो की आपल्या भट्टीपाशी तोंडाला लागायची ती झळ आठवते. आबा पलंगावर बसून त्या लोकांवर ओरडतात. "काढ भायेर. आरं काढ, जळंल त्ये." तो काढत नाही, थोड्या वेळानं पातं खराब झालेलं दिसतं, की आबा माझ्याकडं वळून म्हणतात, "म्या काय सांगत व्हतो?" जणू मी आत जाऊन त्याला निरोप द्यायला हवा होता. पण त्यांना सगळ्यात आवडतं ते वेगळंच. परीक्षक पातं दोन्ही हातांनी उचलतो, उजेडात धरतो, धारेवरून नजर फिरवतो आणि विचारतो, तू हे असंच का केलंस? मग लोहार सांगतो, आणि सगळे गप्प बसून ऐकतात. आपल्याकडं गिऱ्हाईक यायचं, अंगठा फिरवायचं, "बरंय" म्हणायचं आणि चालू पडायचं. कोयत्याला पाणी पाजताना तो तिरका का बुडवला, असं आबांना जन्मात कोणी विचारलं नाही. आबा मला विचारतात, "त्यो काय सांगतोय त्ये नीट लिव्हतीस ना?" मी म्हणते, लिहिते.

पण भाग वाढत गेले तसा मला शीण यायला लागला. आधी वाटलं रोज तेच तेच म्हणून. मग लक्षात आलं की ह्यात वाट बघणं कापून टाकलेलं असतं. लोखंड तापायची वाट, निवायची वाट, जे खरं लोहाराचं काम, ते अर्ध्या मिनिटात उरकतात आणि वरून ढोल वाजवतात. परीक्षा घेतात ती नारळावर, बर्फाच्या लादीवर, टांगलेल्या डुकरावर. एकदाही गवत नाही, एकदाही भात नाही. आपल्याकडं विळ्याची परीक्षा कापणीत व्हायची आणि ती पंधरा-पंधरा दिवस चालायची. दिवसभर वाकून कापून बाई घरी गेली आणि तिचं मनगट सुजलं नाही, तर विळा पास. ते कुठल्या घड्याळात बसवणार? आणि तिथं हरलेला माणूस दारातून बाहेर गेला की संपला. आपल्याकडं भेग गेलेला कोयता घेऊन माणूस परत यायचा, दोन शिव्या हासडायचा, चहा प्यायचा, आणि आबा तोच कोयता परत भट्टीत घालायचे. लोहाराचं निम्मं काम परत आलेल्या वस्तूंचं असतं. त्या गोदामात परत काहीच येत नाही. तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला खुपतं ते एकच, तिथं प्रत्येक जण एकटा असतो. घण मारायला यंत्र आहे, पायानं दाबलं की ठोकत सुटतं. त्याच्या खांद्याला संध्याकाळी कोणाला तेल चोळावं लागत नाही.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला लिहून बघायचंय. आबा सांडशीत लोखंड धरून बसायचे, उजव्या हातात लहान हातोडी. हातोडी जिथं टेकेल तिथं तुझा घण. टक, धाड, टक, धाड. बोलायची सोय नाही, त्या आवाजात ऐकू कोणाला येणार. पुरे झालं की आबा हातोडी लोखंडावर न मारता शेजारी रिकाम्या ऐरणीवर मारायचे. टण्. म्हणजे थांब. घण मारणाऱ्यानं आपणहून थांबायचं नसतं, कारण तो मध्येच थांबला तर हातोडीवाल्याचा अंदाज चुकतो. थांबवायचं काम हातोडीचं. सुट्टीला आपापल्या बंगल्यावर चाललेली शहरातली माणसं गाडी थांबवून तुझे फोटो काढायची, आणि गावातले लोक चेष्टा करायचे, "गडी बसून टकटक करतोय आन बाई राबतीय." तू घण खाली न ठेवता म्हणायचीस, "तू बस की हितं, मंग बगू कोन राबतंय."

गेल्या महिन्यात धरणाकडच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर आपल्या दारात आला. जोडून सुट्ट्या आल्यात, पाहुण्यांसाठी काहीतरी नवीन करायचंय म्हणाला. "काका, दोन लोहार, तीन तास, समोर पब्लिक. टीव्हीवर असतं ना, सेम तसं." दुसरा लोहार पुण्याचा एक पोरगा, गॅसची भट्टी, यंत्राचा घण, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ. आबांनी एकच विचारलं, "पातं हातात घिऊन इचारत्याल का, ह्ये असं का क्येलं म्हनून?" "शंभर टक्के, काका." आबांचा चेहरा असा झाला की मला तिकडं बघवेना. मग म्हणाले, "घण माराया मानूस लागंल." मॅनेजर हसला. "एकट्यानंच करायचं असतं, काका. फॉरमॅट तसाय." आबांनी माझ्याकडं बघितलं, जणू तो नियम मीच लिहिला होता, आणि आता मीच त्यात आणखी एक माणूस घुसवू शकेन. मी मॅनेजरला म्हटलं, मी मारते घण. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "चालेल. उलट फोटोत भारी दिसेल."

आई, भट्टी अकरा वर्षं बंद होती. तू दवाखान्यात गेलीस, डॉक्टर हृदय म्हणाले, घणाचा त्याच्याशी काही संबंध आहे असं कोणीच म्हणालं नाही. पण तेरावं झालं आणि आबांनी भट्टीवर पत्रा टाकला, एका बंगल्यावर वॉचमन म्हणून लागले. त्यांनी परत ती पेटवावी असं मला किती वाटत होतं, ते पत्रा काढला तेव्हा कळलं. आत मांजर व्यायलेली होती. तिला हलवण्यात पहिला रविवार गेला. दुसऱ्या रविवारी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा तापवला, मी पदर खोचतात तशी ओढणी खोचली आणि घण उचलला. चार घाव मारले नाहीत तोच, टण्. मी थांबले. "काय झालं?" "दम घे." परत तापवलं, परत पाच घाव, टण्. "आबा, लाल हाय की अजून." "आसू दे." दुपार कलली तरी तुकडा कोयत्यासारखा दिसेना. मी म्हटलं, असं केलं तर तीन तासात मूठसुद्धा लागणार नाही, तो पोरगा तोवर नारळ फोडून घरी जाईल. आबांनी लोखंड निखाऱ्यात सारलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुज्या आयला म्या येळेवर थांबवलं न्हाई. म्या लोखंडाकडंच बगत ऱ्हायलो. ती काय सोताहून थांबनारी न्हवती."

मला तो दिवस आठवत होता. तू जायच्या आदल्या वर्षीचा, भातकापणीच्या आधीचा, आबांचा तळहात भाजलेला, ओट्यावर विळ्या-कोयत्यांचा ढीग, आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तू म्हणतेस, "हातोडी तू धर. जितं टेकशील तितं मी मारते. पुरं झालं की ऐरनीवर वाजव." मी टेकवत जाते, तू मारत जातेस. लोखंड केशरीचं लाल होतं, लालाचं काळपट होतं, घणाचा आवाज बदलतो. मी टेकवतच राहते. तुझ्या गळ्याची शीर फुगलेली. आणि मग कोयत्याला आडवी भेग. तू घण उभा करून त्याच्या दांड्यावर हात टेकलास, बराच वेळ तुला बोलता येईना. मग म्हणालीस, "गार लोखंड बडवलं व्हय गं? कुटं ध्यान व्हतं तुजं?" मी म्हटलं, रस्त्याकडं. पौडच्या मैत्रिणी गाडीवरून चालल्या होत्या. "मला न्हाई थांबता येत," तू म्हणालीस. "थांबवायचं तुज्या हातात व्हतं." एवढंच. तू कधी जास्त बोलली नाहीस. पण संध्याकाळी भाकरी थापता थापता तू आबांना सांगितलंस, "पोरीला हितं बसवू नका. तिचं ध्यान भायेर हाय. तिला पुण्याला शिकाया धाडा." त्या एका वाक्यावर मी पुण्याला गेले. हॉस्टेल, एमए, लायब्ररी, सुरुवात-शेवट नसलेल्या गोष्टी, सगळं त्या वाक्यावर. तेवढं मोठं दुसरं काही मला कोणी दिलं नाही.

तिसऱ्या रविवारी आबांनी मॅनेजरला फोन लावला. "तीन तासात न्हाई व्हायाचं. आमाला थांबत थांबत करावं लागतंय." पलीकडून तो म्हणाला, "काका, त्यात थांबायला टाइमच नसतो ना." "मंग ऱ्हाऊंद्या," आबा म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला, बंद करायला. वाईट वाटलं असणार. कोयता आम्ही पुढच्या रविवारी पुरा केला. मी तो दोन्ही हातांनी उचलला, दारात उजेडात धरला, धारेवरून नजर फिरवली, आणि विचारलं, "पाठीला इतका जाड का ठेवलाय?" आबा म्हणाले, "तू घण वाकडा मारतीस म्हनून." मग हसले. मग मात्र पाण्याचं, मुठीच्या लाकडाचं, धारेचं, सगळं सांगत बसले, आणि मी ऐकत बसले. कार्यक्रमाचं हे एवढं आम्ही उचललं.

हे मी आजच्या भागाच्या फाइलमध्येच लिहितेय, संवादांच्या खाली. दुपारचे चार वाजलेत, साडेपाचला फाइल द्यायची, तोवर हे पुसून टाकेन. वरची शेवटची ओळ अजून बाकी आहे. तिथं भोंगा वाजतो, सूत्रसंचालक म्हणतो, हत्यारं खाली ठेवा, आणि दमलेले चारही जण त्याच क्षणी हात वर करून थांबतात. मला त्या अख्ख्या कार्यक्रमात तेवढंच मनापासून आवडतं, हे मी आबांना सांगितलेलं नाही. दुसरंही एक सांगितलेलं नाही. तुला थांबवायचं त्यांच्याकडून राहिलं असं ते धरून बसलेत, आणि मी समोर बसून भाजी निवडते.

त्या दिवशी रस्त्यावर कोणी नव्हतं, आई. लोखंड काळं पडलेलं मला दिसत होतं. मी तुझ्याकडंच बघत होते. तू आपणहून थांबतेस का, ते मला बघायचं होतं.