कोमट पाणी

४ जानेवारी १९६०, मद्रास
पोहोचलो एकदाचे! तिरुवल्लिकेणीत कृष्णाजीरावांच्या घरी दोन खोल्या मिळाल्या. मंडळी तंजावरकडची मराठी. त्यांच्या बोलीला माझी बायको जयवंती हसली, तशी कृष्णाजीरावांच्या पत्नी सकवारबाईंनी आमच्या पुणेरीची हुबेहूब नक्कल केली. जयवंतीचा पाचवा महिनाही त्यांनी न सांगता ओळखला. नोकरी झकास आहे: समुद्रात अणुभट्ट्यांचा घातक कचरा कोणी, कुठे बुडवला, ती माहिती जमवून परदेशातल्या समितीला कळवायची. देशोदेशी मिळून समुद्र राखणार, त्यात खारीचा वाटा माझा!

१९ जानेवारी
समितीची प्रश्नावली आली. फायलीत एका परदेशी कप्तानाचे पत्र सापडले. पिवळ्या पट्ट्याची, शिशाच्या अस्तराची पिंपे त्याने आपल्या किनाऱ्यासमोर बुडवली होती. साहेब, वेंकटरमण, म्हणाले की त्या कप्तानाच्या देशाने 'निरंक' कळवले आहे. आपण वेगळे लिहिले तर सहकार्य राहील कसे? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? 'निरंक' लिहून सही ठोकली.

८ फेब्रुवारी
नळाला पाणी नाही. कृष्णाजीरावांनी कोळ्यांकडून दणकट पिंप आणले. जाळ्यात आले होते. आतला राखाडी गाळ कोळ्यांनी वाळूत ओतला. सकवारबाईंनी ते चिंचेने घासले. नवल म्हणजे त्यात पाणी आपोआप कोमट राहते! सरपण वाचले. पोटातल्या पिळ्ळैला, म्हणजे बाळाला, ऊन पाणी मानवते म्हणून पहिली अंघोळ रोज जयवंतीची.

२४ फेब्रुवारी
पिंप आज कलंडले. बुडाजवळ पिवळा पट्टा आहे.
आतून शिसे.

२५ फेब्रुवारी
साहेबांनी माझीच सही पुढे धरली. बुडवलेच नाही, ते घरात येईल कसे? पिंप कोणी न्यायला तयार नाही. शेवटी होडी करून मीच ते समुद्रात सोडले. मी!
घरी सांगितले, गळत होते.

३ मार्च
जयवंतीचे केस मुठीने येतात. हिरड्यांतून रक्त. डॉक्टरीणबाईंनी विचारले, घरात काही विषारी होते का? नोकरी डोळ्यांसमोर आली. नाही म्हणालो. भेकड आहे मी.

६ मार्च
जयवंती अंघोळीला विहिरीचे गार पाणी घेते— अंगावरून ओघळते ते कोमट. सकवारबाईंनी बोट लावून पाहिले. उद्या डॉक्टरीणबाईंना सगळे—

७ मार्च
गेलो नाही. ती म्हणते, बाळ फार हलते. माझा हात ओढून पोटावर ठेवला— चटका— काढून घेतला. ती हसते आहे. म्हणते, किती ऊब आहे हो ह्याला, पुन्हा ठेवा ना, आणि मी—