सरस्वतीच्या व्हाळाचं पाणी

॥ श्री ॥
डिचोली, १४ ऑक्टोबर १९८६

ती. स्व. कृष्णनाथकाकांस,
क्षमाचे कृ. सा. न. वि. वि.

गणेशचवथीला पेडण्याला आले तेव्हा काकूच्या गोड नेवऱ्या खाण्यापुढे नोकरीचं बोलणं राहूनच गेलं. आता सविस्तर लिहिते. सुर्ल्याजवळच्या शाळेत मला चौथीचा वर्ग दिला आहे. सत्तावीस मुलं आहेत. निम्म्यांचे वडील खाणीवर, उरलेल्यांची शेतं. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक सारखे चालू असतात, त्यामुळे आमच्या शाळेची पांढरी भिंत कधीच पांढरी नसते. मीसुद्धा संध्याकाळी डिचोलीला खोलीवर पोचते ती हळदीकुंकवातलं अर्धं कुंकू अंगावर सांडल्यासारखी.

मुलं गुणी आहेत, पण विज्ञानाचा धडा आरतीसारखा म्हणतात. एकाने सूर धरला की सगळे टाळ्यांवर येतात, अर्थ कुणालाच नको. धड्याबाहेरचं वाचायला शाळेत काही म्हणजे काही नाही. म्हणून मनात आलं, की पुठ्ठ्याचे तुकडे कापावेत, एका बाजूला आठ-दहा ओळींत एकेका गोष्टीची माहिती असावी, मुंगी, काजू, वीज, पाणी अशी, आणि दुसरी बाजू कोरी. वाचून झाल्यावर मुलाने तिथे आपला प्रश्न लिहायचा. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्हीच त्याला कोंबडीचे पाय म्हणायचात. तुमचं मात्र पेडण्यात अजून नाव आहे. निवृत्तीनंतर हात शिवशिवत असतीलच, तेव्हा लिहून द्याल?

एक मुलगी आहे, सरस्वती. वडील सगुण, खाणीवर टिपर चालवतात. जूनपासून वर्गात तिने तोंड उघडलेलं नाही. हजेरीला नुसता हात वर करते. वडिलांचं म्हणणं, पोर बोलतच नाही तर चौथीनंतर शाळेत ठेवून काय करायचं, शेतावर तरी उपयोगी पडेल. मार्चपर्यंत तिने मला एक तरी प्रश्न विचारावा, एवढीच माझी इच्छा आहे.

काकूस नमस्कार. लोभ आहेच, त्याला पुठ्ठ्यांची जोड मिळावी.

आपली,
क्षमा

---

॥ श्री ॥
पेडणे, ५ नोव्हेंबर १९८६

चि. क्षमा हीस,
कृष्णनाथकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. म्हापशाच्या कापडवाल्याकडून शर्टांच्या पेट्या मागून आणल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत बारा पुठ्ठे पुरे केले. फराळाला मी पाटावर वेळेवर बसलो नाही, ही तक्रार तुझ्या काकूकडून तुला स्वतंत्रपणे येईलच. बोरू पुन्हा तासला. चौतीस वर्षे फळ्यावर लिहिले, पण खोडायचे नाही असे लिहायला मिळाले ते आत्ताच.

भाषेत तडजोड केलेली नाही. ‘पाणी’ या पुठ्ठ्याचा आरंभ असा आहे : ‘पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते.’ हे वाक्य मी चौतीस वर्गांना शिकवले. ते पाठ झाले की निम्मे विज्ञान आले असे समज. मुलांचे प्रश्न लिहून झाले की पुठ्ठे माझ्याकडे पाठव, मी उत्तरे देईन. मुक्या मुलीचे काळजीपूर्वक पाहा. मुकी मुले बहुधा ऐकत असतात.

काळजी घे, धुळीत तोंडावर पदर धरीत जा. आमची माया तुझ्यापाशी आहेच.

तुझा,
कृष्णनाथकाका

(कोपऱ्यात) क्षमा, फराळ खरंच थंड झाला. पण ह्यांना इतकं खूश सेवानिवृत्तीपासून पाहिलं नव्हतं, म्हणून गप्प बसले. वत्सलाकाकू.

---

॥ श्री ॥
डिचोली, ६ डिसेंबर १९८६

ती. स्व. काकांस,
क्षमाचे कृ. सा. न. वि. वि.

काका, जिंकलात! तुमच्या पुठ्ठ्यांना मुलं ‘पत्ते’ म्हणतात. बिस्किटाच्या डब्यातून एकेकाने पत्ता उचलायचा, वाचायचा आणि मागे प्रश्न लिहायचा. परवा आमचे मुख्याध्यापक रघुनाथसर व्हरांड्यातून जात होते. आतून कुणीतरी ओरडलं की आज मुंगीचा पत्ता माझा. सर पांढरेफटक होऊन आत आले. चौथीच्या वर्गात जुगार चाललाय असं वाटलं त्यांना! मग स्वतःच ‘काजू’चा पत्ता घेऊन बाकावर वाचत बसले, आणि बोंडूच्या बाहेर बी कशी, हा प्रश्न मला विचारून गेले.

आता खरी बातमी. सरस्वतीने लिहिलं. तिच्या वाट्याला ‘पाणी’ आला होता. सगळा तास ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि घंटा झाल्यावर माझ्या टेबलावर ठेवून पळाली. मागे एवढंच आहे : ‘आमच्या व्हाळाचें उदक तांबडें. मागीर हें उदक खंयचें?’

मग हे पाणी कुठलं! मी ती ओळ चार वेळा वाचली, काका. तिच्या घराच्या मागून ओढा वाहतो, तोच हा व्हाळ. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसून त्यात सोडतात, म्हणून बारा महिने तो तांबडा असतो. तिने जन्मात दुसरा व्हाळ पाहिलेला नाही. सहा महिने गप्प बसलेलं पोर बोललं ते हे. मला वर्गातच रडू आलं, मुलांना वाटलं डोळ्यात धूळ गेली.

सगळे पुठ्ठे पाठवते आहे. उत्तरं लवकर लिहा, मुलं रोज पोस्टमनला अडवतात. लोभ वाढतच राहो.

आपली,
क्षमा

---

॥ श्री ॥
पेडणे, १५ डिसेंबर १९८६

चि. क्षमा हीस,
अनेक आशीर्वाद.

पुठ्ठे मिळाले, व सोबत तपासून परत करीत आहे. दोन दिवस दुसरे काही केले नाही. मुलांची भाषा पाहून मन खिन्न झाले. मराठी शाळेत बसून अर्धे वाक्य घरचे आणि अर्धे शाळेचे! सध्या गावोगाव कोंकणी की मराठी यावरून सभा चालू आहेत, मीही मराठीच्या बाजूने एका सभेत बोललो. अशा वेळी आपण शिक्षकांनीच ढिलाई केली तर कसे होणार? प्रत्येक ओळ लाल शाईने सुधारून दिली आहे आणि दहापैकी गुणही दिले आहेत, म्हणजे मुलांना आपली पायरी कळेल.

तुझ्या सरस्वतीचा प्रश्न मात्र प्रश्नच नव्हे. पाण्याला रंग नसतो हे समोर लिहिलेले असताना असे विचारणे म्हणजे वाचलेले नसणे. तिला चार गुण दिले आहेत, आणि ‘प्रश्न चुकीचा. पुढील बाजू पुन्हा वाच’ असा शेरा लिहिला आहे. रागावू नकोस, सोनाराने कान टोचलेले बरे.

प्रकृतीस जप. आशीर्वाद आहेतच, ते तपासावे लागत नाहीत.

तुझा,
कृष्णनाथकाका

---

॥ श्री ॥
डिचोली, ८ जानेवारी १९८७

ती. स्व. काकांस,
क्षमाचे सा. न.

मधे भाषेच्या आंदोलनाने गाड्या बंद होत्या, त्यामुळे पुठ्ठे नव्या वर्षातच हाती आले. पार्सल मी वर्गातच उघडलं. आधी एकटीने पाहायला हवं होतं, ही माझी चूक. मुलांनी आपापला पत्ता शोधला आणि लाल शाई बघून एकेकजण जागेवर जाऊन बसला. आता पत्ता उचलतात, वाचतात, मागे काही न लिहिता परत देतात. प्रश्न नाही असं म्हणतात.

सरस्वतीने आपला पत्ता डब्याच्या तळाशी घातला, त्यावर बाकीचे अकरा रचले. त्या दिवसापासून ती हजेरीला हातसुद्धा वर करत नाही. काल सगुण शाळेत आले होते. म्हणाले, बाई, पोरगी घरी थोडी बोलायला लागली होती, शाळेत काय होतं ते सांगायची, आता परत बंद. मार्चनंतर पाठवणार नाही असं ठरवून गेले. मी त्यांना काय सांगू?

काका, तुम्ही मला बोट धरून लिहायला शिकवलंत, म्हणून हे पत्र दोनदा फाडून पुन्हा लिहिलं. पण मला तुमचा राग आला आहे. त्या पोरीने वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, आणि मग घरामागे जाऊन पाहिलं होतं. आपल्या दोघांपैकी कुणी पाहिलं होतं?

काकूस नमस्कार.

क्षमा

---

श्री
पेडणे, १८ जानेवारी १९८७

चि. क्षमा हीस वत्सलाकाकूचे आशीर्वाद.

तुला वाटेल काका रुसले. रुसले नाहीत, त्याहून वाईट. तुझं पत्र वाचून जेवायला बसले ते ताट अर्धं ठेवून उठले. मी विचारलं तर म्हणाले, मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

परवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जातो म्हणून सकाळच्या गाडीने गेले. मी पावाचे चार उंडे आणि सुक्या मासळीतली खारी सुंगटं आणायला सांगितली होती. संध्याकाळी आले ते धोतराच्या पानात गुंडाळलेली एक बाटली घेऊन. मी म्हटलं, झालं! सदुसष्टाव्या वर्षी मास्तरांनी हे सुरू केलं! शेजारच्या शेवंतीबाय दारातच उभ्या, त्यांच्यासमोर शोभा नको म्हणून बाटली ओढून घेतली. बघते तर आत तांबडा चिखल. सुर्ल्याला जाऊन आले होते, बाई. तीन गाड्या बदलून. विचारत विचारत त्या मुलीच्या घरामागचा व्हाळ गाठला आणि बाटली भरून घेतली. मी विचारलं, क्षमाला भेटलात? म्हणाले, शाळेच्या फाटकापर्यंत गेलो होतो. कुठल्या तोंडाने आत जाऊ?

बाटली खिडकीत ठेवली आहे. पहिल्या दिवशी नुसती तांबडी होती. आज सकाळी बघते तर वर पाणी निवळशंख आणि खाली दोन बोटं माती. हे समोर खुर्ची टाकून बसलेत. मी केर काढायला गेले तर म्हणतात, हलवू नकोस, वर्ग चालू आहे.

तू पत्र पाठव, थोडं गोड लिही. उंडे आलेच नाहीत, आम्ही भाकरी खाल्ली.

तुझी,
काकू

---

॥ श्री ॥
पेडणे, ८ फेब्रुवारी १९८७

चि. क्षमा हीस,
कृष्णनाथकाकाचे आशीर्वाद.

तुझ्या पत्राला महिना उशीर झाला. उत्तर तयार नव्हते. बाटलीची हकीकत काकूने कळवली आहे असे तिच्याच चेहऱ्यावरून समजले.

या आठवड्यात कोंकणीला राजभाषा करणारा कायदा झाला. माझ्या सभेतले लोक भेटायला आले, पुढे काय करायचे म्हणून चर्चा झाली. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मराठी टिकावी म्हणून मी भाषणे केली, आणि एका पोरीने मराठी शाळेत स्वतःहून लिहिलेली पहिली ओळ मीच लाल शाईने खोडली. मराठीवरचे माझे प्रेम कमी झालेले नाही, क्षमा. पण त्या पोरीला मी आपल्या भाषेच्या दारातून हाकलले, हे मला कळले आहे. मला लाज वाटते.

मी चौतीस वर्गांना ते वाक्य शिकवले. एकदाही पेला भरून समोर ठेवला नाही. पाण्याला रंग नसतो हे व्हाळाकाठी उभे राहून मला म्हणता आले नाही, आणि खिडकीतल्या बाटलीकडे पाहून नाकारताही येत नाही. तेव्हा ‘पाणी’चा पुठ्ठा नव्याने लिहिला आहे. वाक्य जुनेच ठेवले आहे, कारण ते कसे सुधारावे हे मला येत नाही. खाली तीन ओळी जागा सोडली आहे. सोबत माझी लाल शाईची दौत व टाक आहे. दोन्ही सरस्वतीला दे. सांग, की पेडण्याच्या मास्तरांच्या पुठ्ठ्यात चूक आहे, त्यांना सापडत नाही, तिने तपासून द्यावी. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता, हेही सांग. घाई करू नकोस.

रागावलीस ते योग्य केलेस. तुझ्या लोभावर माझा हक्क थोडा कमी झाला असल्यास तो पुन्हा मिळवीन.

कृष्णनाथकाका

---

॥ श्री ॥
डिचोली, १५ मार्च १९८७

ती. स्व. काकांस,
क्षमाचे कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी उशाखाली ठेवलं आहे, हक्काचं काही बोलू नका.

निरोप शब्दशः दिला. सरस्वतीने दौत, टाक आणि पुठ्ठा दप्तरात ठेवला आणि घरी नेला. महिना झाला, परत आलेला नाही. मी विचारत नाही. पण गेल्या सोमवारी सगुण टिपर रस्त्यावर उभा करून आत आले, हातात तीन बाटल्या. एक व्हाळाची, एक त्यांच्या शेताच्या बांधावरची, एक खाणीच्या पंपाजवळची. म्हणाले, पोरगी चार दिवस मागे लागली होती, इतकं बोलते की डोकं उठलं, हे तुमच्या खिडकीत ठेवा. वर्गात आता सगळ्यांचा डोळा खिडकीवर, जो येईल त्याला ‘पळयात, पळयात’ म्हणून बघायला लावतात. सरस्वती रोज येऊन बोटाने माती मोजते. तोंड उघडत नाही, पण परवा हजेरीला हात वर केला.

शाळा संपायला महिना आहे. पाचवीचं सगुण काही बोलले नाहीत. मला भीती वाटते आणि आशाही वाटते. काकूच्या हातचं काही खाऊन किती दिवस झाले! तुमच्या लोभाला तहानलेली,

क्षमा

---

॥ श्री ॥
पेडणे, ९ जून १९८७

चि. क्षमा हीस,
कृष्णनाथकाकाचे अनेक आशीर्वाद.

गोवा राज्य होऊन दहा दिवस झाले. पेडण्यात फटाके वाजले, काकूने खीर केली. पण आमच्या घरी खरा समारंभ काल झाला, तुझे पाकीट आले तेव्हा. सरस्वती पाचवीला बसली आणि सगुण स्वतः तिला टिपरमधून सोडून गेला, हे काकूला तीन वेळा वाचून दाखवावे लागले.

पुठ्ठा तू न वाचता पाकिटात घातलास असे लिहितेस, कारण तिने तो मास्तरांनाच द्यायला सांगितला होता. म्हणून त्यावर काय आहे ते तुला कळवतो. ‘पाण्याला रंग नसतो’ याच्या पुढे लाल शाईने लिहिले आहे : ‘माती तळाक बसल्यार.’ खालच्या पहिल्या ओळीत : ‘आमच्या व्हाळांत ती बसना.’ दुसऱ्या ओळीत : ‘एके बाटलेंत दोन बोटां माती. आमच्या शेतांत कितली?’ याचे उत्तर मला येत नाही. खाणवाल्यांना येत असेल तर त्यांनी ते कुणाला सांगितलेले नाही. नव्या पुठ्ठ्यांवर मी हे तसेच्या तसे, तिच्याच शब्दांत, तांबड्या शाईने उतरवणार आहे. दौत तिच्याकडेच राहू दे, मी दुसरी आणीन.

तिसरी ओळ मात्र नव्या पुठ्ठ्यांवर जाणार नाही, ती माझी एकट्याची आहे. तो पुठ्ठा मी खिडकीत, बाटलीपाशी टेकवून ठेवला आहे. तुम्हा दोघींवर माझा जीव आहे, असू द्यावा.

तुझा,
कृष्णनाथकाका

ता. क. तिसरी ओळ विचारशील म्हणून लिहितो, मी तिला दिले त्याहून दोन गुण जास्तच मिळाले : ‘धा पैकीं स. अक्षर बरें. उदक परत पळयात.’