धुलाईच्या बिलापोटी आलेला क्लब

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा लाँड्री, हे मृत्युपत्र माझ्या दुकानाच्या काउंटरवर बसून, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता लिहून ठेवत आहे. गोड बोलणारे सध्या बरेच येतात, म्हणून तेवढं मुद्दाम लिहिलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पुढच्या बुधवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. "घाबरण्यासारखं काही नाही," असं डॉक्टर एका दमात तीनदा म्हणाले, तेव्हापासून मी घाबरले आहे. भीती मरणाची कमी आणि क्लबच्या वार्षिक सभेची जास्त. ती ऑपरेशननंतर महिन्याभराने आहे.

कलम १. दुकानाच्या वरचं माझं राहतं घर, आतल्या सामानासकट, माझ्या भाच्याला द्यावं. हा माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा आणि आमच्या फुटबॉल क्लबचा खजिनदार. पोरगा सरळ आहे, फक्त चकचकीत कागदावर छापलेलं काहीही त्याला खरं वाटतं. नळ गळतो, तो त्याने स्वतः दुरुस्त करावा. प्लंबरला बोलावलं तर क्लबसारखंच कर्ज होईल.

कलम २. दुकान, दोन्ही मोठी मशीनं, ड्रायर आणि गिऱ्हाइकं माझ्या इस्त्रीवालीला द्यावीत. गेली वीसेक वर्षं दुकान खरं तर तीच चालवते, मी नुसती ओरडते. ओरडण्याचं कामही आता तिने अंगावर घ्यावं. क्लबचे कपडे मात्र आधी गार पाण्यात भिजवायचे, हे नव्या मुलींना सांगत राहावं. गरम पाण्यात गोलपोस्टसमोरचा चिखल कापडात जो बसतो तो सात जन्म निघत नाही.

कलम ३. बँकेतली ठेव ऑपरेशनच्या बिलातून उरली तर इस्त्रीवालीच्या मुलीच्या शिक्षणाला. नाही उरली तर हॉस्पिटलला माझ्या शुभेच्छा.

कलम ४. आता मुख्य मुद्दा, म्हणजे माझे क्लबचे एकेचाळीस शेअर.

हे मी विकत घेतलेले नाहीत. माझे यजमान क्लबचे डावे विंगर होते. धावायला बेताचे, पण डावा पाय सोन्याचा. त्यांच्या ओळखीने क्लबच्या कपड्यांची धुलाई माझ्याकडे आली आणि ते गेल्यावरही राहिली. क्लबकडे पैसे कधीच नसायचे. दर हंगामाच्या शेवटी त्या वेळचे खजिनदार दारात उभे राहून डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, या वर्षी पैशाऐवजी शेअर चालतील का?" न चालून सांगते कोणाला? असे वर्षावर वर्ष साठत गेले. लोकांच्या कपाटात साड्या असतात, माझ्या कपाटात क्लब आहे.

दोन वर्षांपूर्वी गुंतवणूकदार साहेब आले. मोठा माणूस. पन्नाशी उलटलेली, तरी मला आजी म्हणतात. त्यांनी जुन्या मालकाच्या मुलांकडून निम्म्याहून जास्त शेअर एका रकमेत उचलले आणि सगळ्यांना एक पुस्तिका वाटली. मैदान विकून तिथे इमारती, क्लबला शहराबाहेर नवं मैदान आणि खेळाडूंना पांढरी जर्सी. पांढरी! ज्याने आयुष्यात कधी बाही घासली नाही त्यालाच हे सुचणार.

पण साहेबांकडून एक गोष्ट वाचायची राहिली. आमच्या क्लबात मत शेअरला नाही, माणसाला आहे. सभा मैदानातच भरते. ठराव मान्य असणाऱ्यांनी मधल्या रेषेच्या एका बाजूला उभं राहायचं, नसणाऱ्यांनी दुसऱ्या, आणि अध्यक्षांनी डोकी मोजायची. एक शेअरवाला आणि हजार शेअरवाला, दोघांची डोकी सारखीच. पहिल्या वर्षी साहेब आपला भला मोठा गठ्ठा घेऊन आले आणि चिखलात बूट बुडवून त्या अर्ध्या मैदानात एकटेच उभे राहिले. मला हसू आवरेना. मग दयाही आली.

साहेब मूर्ख मात्र नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी घरोघरी जाऊन माणसं समजावली. भाचाही त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मी रेषेपलीकडून म्हटलं, "अरे, तुझे काका याच गवतावर खेळायचे." तो म्हणाला, "मावशी, गवताने विजेचं बिल भरता येत नाही गं." ते खरंच आहे. स्टँडचं छप्पर गळतं, मुलांना प्रवासभत्ता मिळालेला नाही. त्या दिवशी दोन्हीकडची डोकी बरोबर सारखी भरली. बरोबरी झाली की ठराव पडतो, म्हणून मैदान वाचलं. येत्या सभेत मी नसेन तर आमची बाजू एका डोक्याने कमी, आणि मैदान गेलं. मला झोप लागत नाही ती यामुळे.

वकीलबाईंनी नियमावली उलटीपालटी केली. जिवंतपणी शेअर दुसऱ्याला द्यायचा तर कमिटीची परवानगी लागते आणि कमिटी साहेबांच्या खिशात आहे. मृत्युपत्राने मात्र कोणालाही देता येतो, कोणी अडवू शकत नाही. म्हणजे मी आहे तोवर माझं मत एक. मी गेले की एकेचाळीस.

तरी माझे शेअर एकेक करून अशा एकेचाळीस जणांना द्यावेत, ज्यांच्याकडे आजवर एकही शेअर नाही, पण जे संघ तळाला असतानाही गळक्या छपराखाली येऊन बसले. नावं सोबत जोडली आहेत. त्यांतल्या तिघांचा इथे खुलासा करते. एक, आमचा जुना गोलकीपर, ज्याला सगळे 'मोकळं दार' म्हणतात. चेंडू अडवता आला नाही, निदान ठराव अडवावा. दोन, कोपऱ्यावरची चहावाली, जिने हरलेल्या संघाला कधी थंड चहा दिला नाही. तीन, तो रेफ्री, ज्याने यजमानांचा अंतिम सामन्यातला गोल ऑफसाइड दिला. त्याच्याशी मी त्यानंतर बोललेले नाही आणि मेल्यावरही बोलणार नाही. पण येतो बिचारा दर सामन्याला. रेषेच्या कोणत्या बाजूला कोण उभं आहे, हे या निमित्ताने तरी त्याला नीट दिसेल.

कोणावरही अट नाही. ज्याला जिथे उभं राहायचं तिथे राहावं. साहेबांशी माझं वैरही नाही. त्यांचा पैसा क्लबला हवाच आहे. त्यांनी छप्पर घालावं, खुशाल स्टँडला स्वतःचं नाव द्यावं, पहिल्या रांगेत बसावं. जर्सी बदलायची तर धुलाई स्वतः करावी. फक्त मैदानाला हात लावू नये.

कलम ५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असं वकीलबाई म्हणतात. आता या गल्लीत तसं माणूस शोधायचं म्हणजे दिवा घेऊन फिरायला हवं. एक डॉक्टर सापडले, त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. दुसरे साहेबच. ते आज माझ्या तब्येतीची चौकशी करायला फळं घेऊन येणार आहेत. त्यांना हे सगळं वाचायला देऊन, समोर बसवून मी सही करेन. पाठीमागून गोल करायची आमच्या घरची रीत नाही.

मृत्युपत्र करणारी: (सही) लाँड्रीवाली

ठिकाण: लाँड्रीचा काउंटर
दिनांक: हंगामातला शेवटचा सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवार

साक्षीदार १: (सही) फॅमिली डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. माझ्यापेक्षा जास्त.

साक्षीदार २: (सही) गुंतवणूकदार. मी हे सगळं दोनदा वाचलं. बाईंनी माझ्यासमोर सही केली आणि मला संत्रं सोलून दिलं. बुधवारी ऑपरेशनला शहरातले सर्वांत मोठे सर्जन उभे राहतील, मी आत्ताच फोन केला आहे. बाईंना उदंड आयुष्य लाभो. इतक्या मनापासून हे मी आजवर कोणालाच म्हटलेलं नाही.