न सांगता दिलेली गोळी

५ जानेवारी

आले एकदाची. बदलीचा कागद आला तेव्हा घरी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली होती, पण मला गिरणीची ही वस्ती आवडली. दवाखाना दोन खोल्यांचा, खिडक्या मोठ्या. नर्सला आणखी काय हवं? राहायला घरमालकिणीची माडी. त्यांना सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणू लागले. त्यांनी परसातला मुळा उपटला, पाण्यात जेमतेम बुचकळला आणि माझ्या हातात दिला. कोवळा, गोडसर. दोन खाल्ले. मावशी तिघांचं जेवण जेवतात, तरी अंगावर मूठभर मांस नाही. चहात पाच चमचे साखर. मी चिडवलं तर म्हणाल्या, मी कुठे खाते, आतला खातो. दोघी पोट धरून हसलो.

९ फेब्रुवारी

आज वस्तीत जंतांच्या गोळ्या वाटल्या. नियम साधा आहे: माझ्यासमोर चावायची, मग जीभ दाखवायची. इथे कुणी चावेना, गिळून मोकळे. रांग मोठी होती, मीही फार ताणलं नाही. स्वतः घेतली नाही. मला कसले जंत? घरी येताना पाहते तर गटाराच्या कडेला गोळ्याच गोळ्या, अख्ख्या. मावशी म्हणाल्या, त्या आपोआप वर येतात, आतल्याला नको असतात. असलं काही मी ऐकून घेणारी नाही.

१० फेब्रुवारी

मावशींना समोर बसवून चावा म्हटलं. गोळी अजून माझ्या खिशातच होती, तोवर त्यांची दातखीळ बसली. गळ्याच्या कातडीखाली काहीतरी वर सरकलं, थांबलं, खाली गेलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी घाबरले, खोटं कशाला लिहू? पण भीतीपेक्षा संताप जास्त आला. हातभर जंताला भिऊन मी गाशा गुंडाळणार नाही.

१४ फेब्रुवारी

काल गोळी कुटून चहात घातली, वर सहा चमचे साखर. मावशींना चकार शब्द सांगितला नाही. आज सकाळी तो पडला. पांढरट, माझ्या हातापेक्षा लांब, मेलेला. दुपारी मावशींचं अर्ध्या ताटातच पोट भरलं आणि त्या रडायला लागल्या. म्हणजे माणसाला जे कळतं ते त्यालाही कळतं. न सांगता दिलं की फसतो. आता घरोघर चहा.

२१ मार्च

अकरा घरं झाली, अकरा पडले. मला मात्र हल्ली भूक आवरत नाही. काल साखरेचा डबा चमच्याने संपवला. अंगावरचा झगा सैल झालाय.

२२ मार्च

परसातले ते मुळे. जेमतेम बुचकळलेले, अडीच महिने रोज खाल्ले.

गोळी काढली, दातखीळ बसली. कुटायला घेतली तर हात असा थरथरला की पूड जमिनीवर. युक्ती माझीच, मला ठाऊक. म्हणजे त्यालाही.

२३ मार्च

मावशींना सांगितलं: मला द्या. कधी, कशात, ते सांगू नका. अर्ध्यावर गळा बंद झाला, श्वास अडला, तरी वाक्य पुरं केलं. त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

२५ मार्च

आता साखर बंद. जेवणही बंद. मी उपाशी, तोही उपाशी. बघू आधी कोण हावरटपणा करतो.

२७ मार्च

आत पीळ पडतोय. छातीपर्यंत येऊन शोधतो. शोध म्हणावं. काही मिळणार नाही—

२८ मार्च

मावशींनी चहा आणला. माझ्याकडे बघत नाहीत. कपाच्या तळाशी पांढ— नाही. मी काही पाहिलं नाही. साखर आहे. भरपूर साखर, तुझ्यासाठी.

उजवा हात लिहितोय. डाव्यात कप. तो हात कप खाली ठेवू बघतोय. मावशींनी मनगट धरलंय. लिहीत राहिले की त्याचं लक्ष इकडे— वाच बाबा, वाच. आले एकदाची. दवाखाना दोन खोल्यांचा, खिडक्या मोठ्या, मुळा कोवळा— एक घोट गेला.

गळा आवळतोय. आवळ. तुझ्याआधी मी हरणार नाही— मावशी, धरून ठेवा— दुसरा घो