चालवणार कोण?

मंगळवार, संध्याकाळ, सुरत

दादाचा पाय काल गुडघ्याखाली काढला. गावाकडं, कशेळ्याजवळ त्याच्या जीपला टेंपोनं ठोकलं, आणि त्या टेंपोचा विमाच नाही.

आमच्या जीपचा आहे, म्हणून एजंटला फोन लावला. तो म्हणाला, “अपघाताचं कव्हर फक्त मालकाला, भाऊ. चालवत कोण होतं?”

दादा. रोज तोच चालवतो. कर्जाला माझी पगाराची स्लिप लागली, म्हणून जीप माझ्या नावावर.

पॉलिसी काढतानाही एजंटनं हेच विचारलं होतं, चालवणार कोण? मी ऐटीत म्हणालो, “मीच की.” इथं सुरतेत बसून! दादाचं नाव सांगितलं असतं, तर थोडे जास्त भरून त्यालाही कव्हर मिळालं असतं. कशाला बोललो?

मघाशी दादानं फोनवर विचारलं, “इम्याचं काय झालं रं?”

“बघतो,” म्हणालो.

चालवणार कोण? विमा आहे, पण तो माझ्या पायांचा. ते दोन्ही धड आहेत.