चोविसावा डबा

प्रकाशा, ता. शहादा
९ जानेवारी २०२५

ती. रंजनामावशीस,
सीमाचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, याचं नवल करू नकोस. आमच्याकडे फोन आला की सासूबाई तो स्पीकरवर लावायला सांगतात आणि शेजारी भाजी निवडत बसतात. शहाबानोचाची आज बांगड्या भरायला आल्या होत्या. पुढे कोरीटला तुझ्याकडेच जाणार म्हणाल्या, म्हणून ही चिठ्ठी त्यांच्या बांगड्यांच्या खोक्यात तळाशी घातली.

मावशी, आठ महिने झाले, पाळी आली की दहा-दहा दिवस थांबत नाही. अंगात रक्त सातवर आलं आहे. पाण्याची कळशी उचलली की डोळ्यांपुढे अंधारी येते. सोनोग्राफीत गर्भाशयात लिंबापेक्षा मोठी गाठ निघाली. आपल्या दोन्ही घरच्या बायका ज्यांच्याकडे जातात त्या डॉक्टरसाहेबांनी कागदाकडे पाहिलं आणि पिशवी काढावी लागेल, नाहीतर कॅन्सर होईल, असं सांगितलं. २८ तारीख दिली आहे. सासूबाई म्हणतात, त्यांचीही तिथेच तिशीत काढली, काय बिघडलं? धीरज मान खाली घालून ऐकतात.

मी चौतीस वर्षांची आहे. लेक सात वर्षांची झाली, अजून एक मूल मला हवं आहे. हे घरात बोलायची चोरी, म्हणून तुला लिहिते. तुझीही त्यांनीच काढली ना? गाठीवर दुसरा काही उपाय नसतोच का?

उत्तर चाचींच्याच खोक्यात ठेव. तुझ्या मायेवर टेकलेली,
सीमा


कोरीट
१३ जानेवारी २०२५

चि. सौ. सीमा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

शहाबानोने तुझं पत्र दिलं आणि तीन कप चहा होईपर्यंत माझं तोंड बघत बसली. मी तिशीनंतर पोरांच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकलेली बाई, तेव्हा काना-मात्रा चुकला तर हसू नकोस.

आधी ती २८ तारीख पुसून टाक. जावईबापूंना माझं नाव घेऊन विचार की गेल्या साली म्हशीच्या कासेत गाठ आली तेव्हा तुम्ही तीन डॉक्टर गोठ्यात उभे केले होते, मग बायकोच्या पोटातल्या गाठीला एकच कसा पुरला? असंच विचार. शब्द बदलू नकोस.

तुझे रतिलालकाका परवा संक्रांतीचं न्यायला येतील. सासूबाईंना सांग की मावशीकडे मिरच्या आल्या आहेत, देठ खुडायला हात कमी आहेत. ते खोटं नाही, अंगण लाल झालं आहे. पण आपण देठ खुडणार नाही, सुरतेची गाडी पकडणार. शहाबानोची सदफ तिकडे मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. तिथे एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या सांगतील ते ऐकू.

माझं म्हणशील तर बत्तिसाव्या वर्षी काढली. डॉक्टरला उलट विचारता येतं हेच ठाऊक नव्हतं. टाके सुकले न सुकले तोच अंगातून चुलीपुढे बसल्यासारख्या वाफा निघू लागल्या. चव्वेचाळीसची होते तेव्हा अंगणात नुसती घसरले तर मनगट मोडलं. आणि पिशवी काढली त्या साली दिवाळीला काय आलं? स्टीलचा डबा. ज्या बाईची पिशवी काढली तिला पहिल्या दिवाळीला नाव कोरलेला डबा पाठवायची त्या दवाखान्याची रीत आहे. गावात आम्ही तो लग्नातल्या आहेरासारखा मिरवला. अजून त्यात मी मिरचीपूड ठेवते.

गूळ खा, खजूर खा, कळशी धीरजला उचलू दे. रक्त वाढेपर्यंत माझा जीव टांगलेला आहे एवढं ध्यानात ठेव.
तुझी,
रंजनामावशी


प्रकाशा
३ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सुरतेहून सुखरूप पोचलो. म्हशीचा टोमणा धीरजना फार लागला. त्या दिवशी जेवले नाहीत आणि सकाळी स्वतःच सुरतेला यायला तयार झाले, ते तू पाहिलंसच. तपासणीच्या खोलीत बाईंनी एवढं समजावलं की मी बाहेर येऊन तुला अर्धंच सांगू शकले. आता नीट लिहिते.

गाठ सहा सेंटिमीटरची, गर्भाशयाच्या भिंतीत. अशा गाठी कितीतरी बायकांना असतात, कित्येकींना कळतही नाहीत. त्यांचा कॅन्सर होणं फारच विरळ. गाठ लहान असेल आणि त्रास नसेल तर नुसती नजर ठेवायची. पाळी जायचं वय जवळ आलं असेल तर पुढे ती आपोआप सुकते. रक्त जास्त जात असेल तर गोळ्या आहेत, आत बसवायची औषधी कॉइल आहे. गाठीचं रक्त तोडून तिला सुकवायची नळीची तऱ्हाही आहे, पण मूल हवं असेल तर ती सहसा सुचवत नाहीत. माझ्यासाठी नुसती गाठ काढायची आणि पिशवी ठेवायची. त्याआधी शिरेतून लोह देऊन रक्त वर आणायचं. गाठ पुन्हा येऊ शकते हेही त्यांनी लपवलं नाही. पिशवी काढणं काही बायकांना खरोखर लागतं, पण ते बाईशी बोलून, बाकीचं सगळं तपासून, असं म्हणाल्या.

निघताना बाहेर येऊन त्यांनी तुझं वय विचारलं आणि तुझी जुनी फाइल असेल तर सदफला दाखवायला सांगितलं. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस. मावशी, दाखवलीस का?

तुझी माया आहे तशीच राहो.
सीमा


कोरीट
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सीमास अ. उ. आ.

दाखवली. सदफ सुटीवर आली होती. पेटीच्या तळाशी रेशनकार्डाखाली फाइल होती, इतक्या वर्षांत कुणी उघडली नव्हती. पोरीने इंग्रजी वाचलं, मग माझ्याकडे न बघता मराठीत सांगितलं. माझी गाठ दोन सेंटिमीटरची होती, साधी. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, आणि ती दोन्ही निरोगी होती असं खाली त्यांच्याच कागदावर लिहिलं आहे. माझ्या अंगातल्या वाफा, माझं मनगट, सगळं त्या एका ओळीत.

सीमा, मी देवभोळी बाई, मुंगीला बाजूला करून केर काढते. पण त्या दिवसापासून मिरच्या कांडताना प्रत्येक घावाला मला एकच माणूस दिसतो. पूड मुठीत घ्यावी आणि त्याच्या डोळ्यांत चोळावी असं वाटतं. मग वाटतं, नको, पुडीची आग तासाभरात उतरते. आमची उतरली नाही.

मी गावात दारोदार फिरले. सदफ बरोबर होती. माझी धरून तेवीस फाइली निघाल्या. तिघींना खरंच मोठं दुखणं होतं, ते मी मानते. वीस जणींना नव्हतं. एक तर सत्तावीस वर्षांची होती. ते ऐकून ती रडली नाही, चुलीपुढून उठली, डबा घासून आणला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

आता ऐक. ८ मार्चला महिला दिन म्हणून डॉक्टरसाहेबांचा कोरीटला सत्कार आहे, पस्तीस वर्षांच्या सेवेचा. पाठोपाठ बायकांचं तपासणी शिबिर. ओवाळायचा मान सरपंचांनी मला दिला आहे. मी हो म्हटलं, गोड हसून म्हटलं. तुझे काका म्हणाले की तुझं हे हसणं मी लग्नापासून ओळखतो, आणि उगाच गोठ्याकडे निघून गेले. माझ्या ऑपरेशनच्या कागदावर अंगठा त्यांचाच आहे.

तू लोह घेतेस ना? माझा राग माझ्यापाशी राहू दे, तू नुसतं रक्त वाढव.
रंजनामावशी


प्रकाशा
१९ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

रक्त साडेनऊ झालं. २० मार्चची तारीख मिळाली. धीरजनी घरात पहिल्यांदा आवाज चढवून सांगितलं की सुरतेलाच होईल आणि फक्त गाठच निघेल.

सासूबाईंनी दोन दिवस स्वतःचं ताट वेगळं वाढून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना तुझ्या फाइलीचं सांगितलं. मला वाटलं त्या हळहळतील. त्या केवढ्या भडकल्या. स्वतःचंच नाव घेऊन म्हणाल्या, फुलवंताबाईला त्या दवाखान्याची पायरी कुणी दाखवली ते आधी तुझ्या मावशीला विचार, मग मला शहाणपण शिकव.

मावशी, त्या असं का म्हणाल्या? तू लिहिशील तेच मी खरं धरेन.

लोभ कमी करू नकोस.
सीमा


कोरीट
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सीमास अ. उ. आ.

साडेनऊ वाचून जीव भांड्यात पडला. मिरच्यांच्या पथाऱ्या आवरल्या. खोकल्याने घर भरलं आहे. शहाबानो म्हणते यंदा हिरव्या बांगड्यांना मागणी फार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तीनदा लिहिलं आणि तीनदा चुलीत घातलं. ८ तारखेनंतर लिहीन. तोवर मावशीला दोष द्यायचा तर दे, पण ऑपरेशन चुकवू नकोस.
रंजना


कोरीट
९ मार्च २०२५

चि. सौ. सीमास अनेक आशीर्वाद, घेशील तर.

काल जे झालं ते तुला चार तोंडांतून कळेल, म्हणून आधी माझ्या हातचं वाच.

मंडप पडला होता, खुर्चीला झालर. डॉक्टरसाहेब पांढऱ्या कपड्यांत. मी ताट घेऊन गेले, कुंकू लावलं, ओवाळलं. मग सरपंचांना म्हटलं की आमच्या बायकांनी साहेबांना परतभेट आणली आहे. रांग लागली. एकेक बाई आली आणि टेबलावर डबा ठेवून गेली, घासून चकचकीत, नाव पुढे करून. साहेब पहिल्या पाच डब्यांपर्यंत हसत होते. डब्यांची उतरंड त्यांच्या कपाळापर्यंत आली तेव्हा हसू थांबलं.

त्यांना वाटलं आत पेढे असतील. वरचा डबा उघडला तर चिठ्ठी. बाईचं नाव, तेव्हाचं वय, गाठ केवढी, काय काढलं, काय निरोगी होतं. त्यांनी झाकण लावलं. मी माइक घेतला आणि म्हटलं की साहेबांचा चष्मा राहिलेला दिसतो, मीच वाचते. तेवीस वाचल्या. ज्या तिघींना गरज होती त्यांचंही तसंच वाचलं, खोटं कशाला. साहेब मधेच उठले, म्हणाले तातडीचा पेशंट आहे. गाडीपर्यंत जायची वाट बायकांमधून होती आणि बायका सरकल्या नाहीत. त्यांना प्रत्येकीला वाट मागावी लागली. शहाबानो शेवटच्या टोकाला उभी होती, तिने तर दोनदा मागायला लावली. शिबिराच्या वहीत एक नाव पडलं नाही. उद्या सदफ नकला जोडून जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज देणार आहे, खाली तेवीस सह्या.

इथे थांबले असते तर छान झालं असतं ना? पण मी घरून एक डबा जास्त आणला होता, चोविसावा. मोठा, झाकणावर कडी असलेला. त्यावर माझं नाव आणि खाली ‘सहकार्याबद्दल सप्रेम’. तो कुणी पाहिलेला नाही, कोठीत गोणीमागे असायचा. माझं ऑपरेशन झाल्यावर मला वाटायचं, मी शिकलेली, मला कळतं. कुणा बाईला पांढरं गेलं, कंबर दुखली, की मीच तिला जीपमध्ये घालून त्या दवाखान्यात न्यायचे. पदराने घाम पुसायचे, धीर द्यायचे. तेविसांतल्या अकरा जणी मी नेल्या. तुझ्या सासूबाईंनाही मीच नेलं, तुमचं लग्न जमायच्या कितीतरी आधी. पाहुणी म्हणून आल्या होत्या, तीस वर्षांच्या होत्या. नको म्हणत होत्या. मी त्यांचा हात धरून ठेवला होता.

हे मी माइकवर बोलले. तेवढ्यात मंडपाच्या मागून एक बाई चालत आली, एसटीची धूळ अंगावर. फुलवंताबाई. हातात डबा. मला वाटलं टेबलावर ठेवतील. त्यांनी टेबलाकडे पाहिलंही नाही. माझ्यापुढे आल्या, डबा माझ्या हातात दिला आणि परतीच्या गाडीला गेल्या. त्यात चिठ्ठी नव्हती. काहीच नव्हतं.

तो माझ्याकडे आहे. त्यात मी काही भरत नाही. त्या डॉक्टरचा सूड मी मोजून घेतला, माझा कुणी घ्यायचा तो हक्क त्यांचा आहे.

२० तारखेला मी सुरतेला येऊ की नको, हे तू सांग. सांगशील तसं.
रंजना


प्रकाशा
२ एप्रिल २०२५

ती. रंजनामावशीस,
सीमाचा सा. न. वि. वि.

उत्तर लिहायला उशीर केला, तो मुद्दाम केला. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनदा घडी घालून ठेवलं. म्हणून २० तारखेला तुला बोलावलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली, साधीच होती. पिशवी जिथल्या तिथे आहे. बाई म्हणाल्या, वर्षभर थांबा, मग मुलाचा विचार करा. धीरज कळशी उचलतात आणि गल्लीत कुणी बघतंय का ते आधी बघतात.

दवाखान्यात आठवडाभर माझ्याजवळ सासूबाई राहिल्या. शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता. पिशवी काढली का, असं मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या आणि तोंडात पदर धरून बसल्या. चार दिवसांनी हळूच विचारलं की त्यांच्या वेळी अशी डॉक्टरीण नव्हती का. पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं की त्यांनाही आणखी एक मूल हवं होतं.

आज त्यांनी मला हे पत्र लिहायला बसवलं. पुढचं त्यांचं सांगणं, त्यांनी सांगितलं तसं लिहिते. विहीणबाईंना लिही की माझा डबा परत पाहिजे. रिकामा नको. सीमाला बाळंतिणीसारखं खायला घालायचं आहे, तेव्हा मेथीचे लाडू, डिंक जास्त. शहाबानोच्या हाती पाठवायचे नाहीत. स्वतः आणायचे, एसटीने, जशी मी आले तशी. माझ्या ओट्यावर बसायचं आणि मला बत्तीस वर्षांत जे जे झालं ते सगळं ऐकायचं, मधे उठायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. चहा मिळेल की नाही ते ऐकणं कसं होतं त्यावर ठरेल.

मी विचारलं की कधी यायला सांगू. त्यांनी ओटा आत्ताच सारवून घेतला आहे.

वाट बघणारी,
सीमा